चोथ्याचा हिशेब

वनस्पतिजन्य अन्नाचा जो भाग माणसाच्या लहान आतड्यात पचत नाही, तो आहारतंतू. पाठ्यपुस्तकात त्याला तंतुमय पदार्थ म्हणतात, घरात चोथा म्हणतात. ऊस चावून थुंकतात तो चोथा, चिंचेचा कोळ काढल्यावर मुठीत उरतो तो चोथा, गाळणीत राहतो तो चहाचा चोथा. रस घेतला, सत्त्व काढले, आता हे टाकायचे, असा निकाल त्या शब्दातच लागलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोषणशास्त्राचेही मत याहून फारसे वेगळे नव्हते. गेल्या साठ-सत्तर वर्षांत हे मत फिरले, आणि ते फिरण्याचे मोठे कारण वजन आणि हृदय हे आहे.

रस एकीकडे आणि चोथा दुसरीकडे ही वाटणी सुरत जिल्ह्यातल्या कामरेज तालुक्यात ढळढळीत दिसते. तापीकाठचा हा मुलूख उसाचा. नवी पारडीला कामरेज विभागाचा सहकारी साखर कारखाना आहे. साखरेला गुजरातीत खांड म्हणतात, म्हणून त्याच्या नावात 'खांड उद्योग' आहे. एक टन ऊस गाळला की साधारण 100 किलो साखर निघते आणि पावणेतीनशे ते तीनशे किलो ओले चिपाड. साखर पोत्यात जाते, चिपाड बॉयलरमध्ये जळते. चिपाड काही माणसाने खाण्याजोगे नाही, त्यात लाकडाचाच अंश जास्त. पण गहू, तांदूळ, डाळी यांच्या बाबतीतही यंत्रयुगात हेच होत गेले. मऊ, पांढरे, टिकाऊ ते पोत्यात आले आणि कोंडा, साल, टरफल गोठ्यात गेले.

या टाकाऊ मालाचे पहिले मोजमापही गोठ्यासाठीच झाले. जर्मनीत वेंडे येथील संशोधन केंद्रात हेनेबर्ग आणि श्टोमान यांनी 1860च्या दशकात चारा तपासण्याची एक पद्धत बसवली. नमुना आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळायचा, आणि जे विरघळत नाही ते वजन करून घ्यायचे. यालाच 'कच्चा तंतू' म्हटले गेले. कडब्यासाठी ती ठीक होती. माणसाच्या अन्नासाठी मात्र ती फसवी, कारण उकळण्यात बरेचसे तंतूही निघून जातात. जुन्या भारतीय कोष्टकांत ज्वारीपुढे दीड-दोन ग्रॅमचा आकडा दिसतो तो यामुळे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक कोष्टकांत एकूण आहारतंतू मोजले आहेत आणि तिथे 100 ग्रॅम ज्वारीत ते दहा ग्रॅमांच्या वर आहेत. ज्वारी तीच, फक्त मोजणारा बदलला.

आहारतंतू ही एकच वस्तू नव्हे. पेशींच्या भिंतींचे सेल्युलोज, फळांतले पेक्टिन, ओट आणि जवातले बीटा-ग्लुकन, गवार आणि मेथीच्या बियांतला डिंकासारखा भाग, इसबगोलाच्या भुशीतला चिकट पदार्थ, आणि लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन, हे सगळे या एका नावाखाली येते. व्यवहारात दोन गट पाडतात. पाण्यात विरघळणारे किंवा फुगून बुळबुळीत होणारे द्राव्य तंतू, आणि पाणी शोषून मळाला आकारमान देणारे, पण न विरघळणारे अद्राव्य तंतू. बहुतेक अन्नात दोन्ही असतात, प्रमाण वेगळे. ज्वारी-गव्हात अद्राव्य जास्त. ओट, जव, कडधान्ये, पेरू, मेथीदाणे यांत द्राव्याचा वाटा बरा. 'पचत नाही' हेही अर्धेच खरे आहे. लहान आतड्यातून सुटलेले तंतू मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जिवाणू त्यांतले बरेचसे आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लघु मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचे इंधन. शरीराला यातून ग्रॅममागे सरासरी दोन कॅलरी मिळतात, पिठुळ पदार्थांतून मिळतात त्याच्या निम्म्या.

'आहारतंतू' हा शब्द इंग्रजीत पहिल्यांदा वापरला तो एबेन हिप्सली यांनी, 1953 साली. त्याला वजन आले ते डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल यांच्यामुळे. दोघेही डॉक्टर, दोघांनीही युगांडात अनेक वर्षे काढलेली. तिथल्या खेड्यांतल्या लोकांत हृदयविकार, मधुमेह, बद्धकोष्ठ, आतड्याचे काही विकार क्वचित दिसत. इंग्लंडात त्यांची रेलचेल. बर्किट यांनी फरकाचे मूळ जेवणात शोधले, तेही जेवणात जे उरले नव्हते त्यात. 1972 साली ट्रॉवेल यांनी आहारतंतूंची व्याख्या मांडली. कल्पना जबरदस्त होती, पुरावा मात्र ढिला. युगांडातला शेतकरी आणि लंडनचा कारकून यांच्यात कोंड्याखेरीज शंभर गोष्टींचा फरक होता: चालणे, तंबाखू, मीठ, चरबी, आयुर्मान. पुढच्या संशोधनाचा मोठा भाग या गुंत्यातून तंतूंचा धागा वेगळा काढण्यातच गेला.

वजनाच्या बाबतीत तंतू करतात काय, हे कामरेजच्या महामार्गावर उभे राहून समजते. रस्त्याकडेच्या चरकातून निघालेला ग्लासभर उसाचा रस दोन मिनिटांत संपतो आणि त्यात 30 ते 40 ग्रॅम साखर असते. तेवढीच साखर दाताने ऊस सोलून, पेर मोडून, चावून मिळवायची तर अर्धा तास लागेल, जबडा दुखेल, आणि बहुतेक माणूस मध्येच थांबेल. हेच 1977 साली ब्रिस्टलमध्ये हेबर, हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सफरचंद देऊन मोजले. सारख्याच कर्बोदकांची अखंड सफरचंदे खायला सरासरी 17 मिनिटे लागली, त्यांचा गर संपवायला सहा आणि रस प्यायला दीड मिनिट. अखंड फळाने पोट सर्वांत भरल्यासारखे वाटले, रसाने सर्वांत कमी. रसानंतर इन्सुलिन जास्त चढले आणि रक्तातली साखर मागाहून जास्त घसरली. इथे गराचा प्रयोग मोलाचा आहे. गरात तंतू सगळे होते, फक्त त्यांची घडी मोडली होती. म्हणजे तंतूंच्या ग्रॅमइतकीच अन्नाची अखंड रचना महत्त्वाची. पिठात वरून कोंडा मिसळला की काम झाले, असे समजणाऱ्यांनी हा प्रयोग ध्यानात ठेवावा.

चावण्याच्या पुढे आणखी तीन-चार गोष्टी घडतात. तंतुमय अन्न जागा जास्त घेते आणि त्या मानाने कॅलरी कमी देते. द्राव्य तंतूंचा लगदा जठरातून सावकाश पुढे सरकतो. साखर रक्तात हळूहळू उतरते. लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत अन्न पोहोचले, की तिथून भूक आवरणारी संप्रेरके स्रवतात, आणि मोठ्या आतड्यातली लघु मेदाम्लेही त्याला हातभार लावतात. हे सगळे खरे असले तरी काट्यावर दिसणारा परिणाम बेताचाच असतो. 2001 साली हॉवर्थ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला. रोज 14 ग्रॅम तंतू वाढवले असता खाणे सुमारे 10 टक्क्यांनी घटले आणि जवळपास चार महिन्यांत वजन सरासरी 1.9 किलोने उतरले. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग अधिक बोलका आहे. चयापचयाची गडबड असलेल्या 240 प्रौढांपैकी निम्म्यांना अमेरिकन हार्ट असोसिएशनचा दहा-बारा सूचनांचा आहार दिला आणि उरलेल्यांना एकच सांगितले, की रोज 30 ग्रॅम तंतू पोटात जाऊ द्या. वर्षाने पहिल्या गटाचे वजन 2.7 किलोने कमी झाले आणि दुसऱ्याचे 2.1 किलोने. एकाच सूचनेने एवढे साधले, हे कमी नव्हे. पण महिन्यात दहा किलो उतरवण्याची हमी देणाऱ्या डब्यांच्या जाहिराती आणि हे आकडे यांचा काही संबंध नाही.

हृदयाकडे जाणारी वाट यकृतातून आणि पित्तातून जाते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतात आणि त्यांतली सुमारे 95 टक्के लहान आतड्याच्या अखेरीस परत शोषली जाऊन यकृताकडे येतात. काटकसरी गृहिणीने तळणीचे तेल गाळून पुन्हा वापरावे तसा हा प्रकार. द्राव्य तंतूंचा चिकट लगदा यांतली काही पित्ताम्ले अडकवून मळावाटे बाहेर नेतो. तूट भरून काढायला यकृताला नवी पित्ताम्ले बनवावी लागतात, त्यासाठी ते रक्तातले एलडीएल, म्हणजे घातक समजले जाणारे कोलेस्टेरॉल, ओढून घेते. पेक्टिनने कोलेस्टेरॉल उतरते हे ॲन्सेल कीज आणि सहकाऱ्यांनी 1961 साली दाखवले, ओटने उतरते हे दोनच वर्षांनी नेदरलँड्समध्ये दिसले. सर्व प्रयोग एकत्र केले तर एक ग्रॅम द्राव्य तंतूमागे एलडीएल डेसिलिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅमने घटते असा हिशेब निघतो. औषधाची जागा यातून भरत नाही, पण औषधाच्या जोडीला तो उपयोगी आहे. ओटमधल्या बीटा-ग्लुकनबद्दल असा दावा वेष्टनावर छापायला अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने 1997 साली परवानगी दिली आणि 1998 साली इसबगोलाबद्दल.

इसबगोल म्हणजे गुजरातचा माल. मेहसाणा जिल्ह्यातली उंझाची बाजारपेठ जिऱ्या-बडीशेपेसाठी जशी प्रसिद्ध तशी इसबगोलासाठीही, आणि जगाला हा माल पुरवण्यात भारत पहिला. मराठी घरात तो औषधांच्या कपाटात असतो. चमचाभर भुशी पाण्यात टाकली की मिनिट-दोन मिनिटांत ग्लासात जेलीसारखा गोळा धरतो. हाच गोळा आतड्यात पित्ताम्ले अडकवतो. मेथीदाण्याचेही असेच. त्याचे जवळपास निम्मे वजन तंतूंचे असते, आणि हैदराबादच्या त्याच पोषण संस्थेत आर. डी. शर्मा आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकापासून मेथीदाण्यावर केलेल्या प्रयोगांत मधुमेहींची साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरलेली दिसली. प्रयोगातली मात्रा मात्र मोठी होती. फोडणीत पडणाऱ्या चार दाण्यांना ते श्रेय देता येत नाही.

गव्हाच्या कोंड्याने कोलेस्टेरॉल उतरत नाही, ही गोष्ट बर्किट यांच्या उत्साही अनुयायांना पचायला जड गेली. त्याहून मोठा धक्का 1989 साली ब्रिटनमधल्या एका प्रयोगाने दिला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 2033 पुरुषांपैकी काहींना धान्यातले तंतू वाढवायचा सल्ला दिला होता. दोन वर्षांत त्यांच्या मृत्यूंत घट झाली नाही. मासे खाण्याचा सल्ला मिळालेल्यांत झाली. उलट लाखो लोकांच्या दीर्घ निरीक्षणांत तंतू जास्त खाणाऱ्यांत हृदयविकार सातत्याने कमी आढळतो. 2013 सालच्या एका संकलनात रोजच्या सात ग्रॅम तंतूंमागे हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचा धोका नऊ टक्क्यांनी कमी दिसला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी न्यूझीलंडच्या रेनल्ड्स, मान आणि सहकाऱ्यांनी 185 निरीक्षणे आणि 58 प्रयोग चाळून 2019 साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले, की सर्वांत कमी तंतू खाणाऱ्यांच्या तुलनेत सर्वांत जास्त खाणाऱ्यांत एकूण मृत्यू आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू 15 ते 30 टक्क्यांनी कमी होते, आणि सर्वाधिक लाभ रोज 25 ते 29 ग्रॅमांच्या टप्प्यात दिसतो. दोन्ही गोष्टींचा मेळ घालायचा तर असे म्हणावे लागते की तंतू हे आयुष्यभराच्या ताटाचे काम आहे. झटक्यानंतर दोन वर्षे कोंडा खाणे आणि तीस वर्षे अख्खे धान्य, कडधान्य, भाजी खाणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

असे ताट कामरेजच्या शिवारात एका ठिकाणी अजून दिसते. दिवाळीच्या सुमारास धुळे, नंदुरबार, डांगकडून ऊसतोड मजूर दक्षिण गुजरातच्या साखरपट्ट्यात उतरतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथे कोयता म्हणतात, त्यांच्या पालांच्या वस्तीला पडाव. पंधरवड्याची खावटी ज्वारीच्या रूपात देण्याची चाल इथे जुनी. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने 1970च्या दशकापासून या मजुरांवर जे लिहिले त्यात ती येते. पहाटे अंधारात परातीत पीठ ओतले जाते. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून कोमट पाणी घालून तळहाताच्या टाचेने ते रगडावे लागते. मग थापणे, तव्यावर टाकून पाण्याचा हात फिरवणे, आणि उलटून निखाऱ्यावर फुगवणे. पीठ चाळायचा प्रश्नच नसतो. 100 ग्रॅम पिठाच्या एका जाड भाकरीत दहा ग्रॅम तंतू, म्हणजे तीन भाकऱ्यांत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले दिवसाचे 25 ग्रॅम ओलांडून जातात. खान्देशात ज्वारीबरोबर सालासकट काळे उडीद दळून कळण्याची भाकरी करतात, तिच्यात हा आकडा आणखी वर जातो, कारण अख्ख्या उडदात 100 ग्रॅमला 20 ग्रॅम तंतू असतात.

या भाकरीचे पोवाडे गाण्याची मात्र सध्या फॅशन झाली आहे, आणि ती अस्थानी आहे. पडावावरच्या ताटात तंतू भरपूर असतात, कमी असते ती डाळ, तेल, दूध, भाजी. दिवसभर कोयता चालवून मोळ्या वाहणाऱ्या माणसाचे पोट कॅलरी पुरण्याआधीच भरून जाते. कोंड्यातल्या फायटेट या घटकामुळे अन्नातले लोह आणि जस्त कमी शोषले जाते, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर भाकरीने भरलेले छोटे पोट हाच कुपोषणाचा एक भाग असतो. त्यांचे वजन चोथ्याने आटोक्यात राहिलेले नाही, ते कष्टाने आणि कमतरतेने उतरलेले आहे. 'कळणाकोंडा खाऊन दिवस काढणे' हा मराठी वाक्प्रचार दारिद्र्याचा आहे, पथ्याचा नव्हे.

चोथ्याची खरी गरज त्याच रस्त्यावर पुढे आहे. कामरेजपासून वराछापर्यंत हिऱ्यांच्या कारखान्यांत घंटीभोवती, म्हणजे हिरे घासायच्या चकतीभोवती, बसून दहा-दहा तास पैलू पाडणारे कारागीर, उधना-लिंबायतकडे यंत्रमागांवर आणि दुकानांत असलेले खान्देशी, आणि त्यांची शहरात वाढलेली मुले. यांच्या ताटात मैदा, पॉलिशचा तांदूळ, साखरेचा चहा आणि फरसाण यांचा वाटा वाढत गेला. मैद्यात 100 ग्रॅमला पावणेतीन ग्रॅम तंतू असतात आणि कणकेत अकरा. पांढऱ्या तांदळात जेमतेम तीन. अख्ख्या मुगात सतरा आणि सालपटे काढलेल्या मूगडाळीत नऊ. अख्ख्या हरभऱ्यात पंचवीस आणि डाळीत पंधरा. आणि भारतीय शरीराला तंतूंची ही तूट परवडत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली आपले आणि जॉन युडकिन या लंडनच्या सहकाऱ्याचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, 22.3, पण याज्ञिकांच्या शरीरात चरबी 21.2 टक्के आणि युडकिन यांच्या 9.1 टक्के. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 ऐवजी 23 वर धरतात, आणि पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरांच्या आत असावा असे सांगतात. काट्यावर सडसडीत दिसणाऱ्यांनाही हृदयाचा विचार करावा लागतो तो यामुळे.

सुरतेच्या खाण्यात तंतूंची उणीव नाही, हे सांगितले पाहिजे. हिवाळ्यात ज्वारीचा कोवळा हुरडा इथे पोंक म्हणून विकला जातो. उंधियूत सुरती पापडी शेंगेसकट पडते, बरोबर जांभळा कंद, रताळी, छोटी वांगी, मेथीचे मुठिये. यांतले प्रत्येक तंतूंनी भरलेले आहे. फक्त पोंकाबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव येते आणि उंधियूच्या भांड्यात तेलाचा तवंग हलतो. तंतू तेल खोडून काढत नाहीत.

वेष्टनावरच्या शब्दांनीही पुष्कळांची दिशाभूल होते. भारतीय नियमांनुसार 100 ग्रॅमला सहा ग्रॅम तंतू असले की त्या पदार्थाला 'तंतूंनी समृद्ध' म्हणता येते. गिरणीतून दळून आणलेली, न चाळलेली साधी कणीक या कसोटीवर असे लेबल लावलेल्या बिस्किटाच्या जवळपास दुप्पट ठरते, आणि तिच्यात साखर-वनस्पती तूप नसते. वेगळ्या डब्यातले तंतू घेण्याची वेळ फार थोड्यांवर येते. मैद्याऐवजी कणीक, आठवड्यातले चार दिवस ज्वारी किंवा बाजरी, रोज एक वाटी अख्खे कडधान्य, दोन भाज्या, आणि रसाऐवजी सालीसकट एक पेरू इतके झाले की 25 ग्रॅम होतात.

वाढवायचे ते मात्र दोन-तीन आठवडे घेऊन. आतड्यातल्या जिवाणूंना नव्या खुराकाची सवय नसते, एकदम वाढवले तर वायू धरतो, पोट गुडगुडते आणि माणूस चौथ्या दिवशी नाद सोडतो. पाणी वाढवले नाही तर अद्राव्य तंतूंनी बद्धकोष्ठ उलट वाढते. इसबगोल कोरडा तोंडात टाकू नये, तो घशातच फुगून अडकू शकतो. ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यावा. रोजची औषधे घेणाऱ्यांनी औषध आणि इसबगोल यांत दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण तो गोळा पित्ताम्लांसारखे औषधही धरून ठेवतो. आतडे कुठे अरुंद झाले असेल, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर मर्यादा असेल, तर कडधान्ये आणि कोंडा किती खायचा हे डॉक्टरांनी ठरवून दिलेले बरे.